पिशवी घेऊन पालेर्मोच्या बाजारात

इटलीची सहल म्हटली, की आपल्याकडच्या प्रवासकंपन्यांचा मार्ग ठरलेला: रोम, पिसा, फ्लॉरेन्स, व्हेनिस. सिसिली बेटाची राजधानी पालेर्मो त्यात बहुधा नसते. तिथे पोहोचणारा मराठी माणूस स्वतःच तिकिटं काढून, स्वतःच खोली शोधून गेलेला असतो. त्याच्या हाताशी वेळ असतो आणि पुढे कुणी झेंडा धरून चालत नसतं. पालेर्मोच्या बाजारांसाठी एवढं भांडवल पुरतं.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. या शहरातले बाजार अलीकडे पर्यटकांच्या यादीत आले आहेत. सकाळी अकराच्या सुमाराला काही गल्ल्यांत फोन उंच धरून चालणारे लोकच गिऱ्हाइकांपेक्षा जास्त दिसतात. अशा नुसतं बघत फिरणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही. विक्रेता त्याच्याकडे लक्षही देत नाही, किंवा दिलंच तर कापलेल्या फळांचा महागडा पेला पुढे करतो. अर्धा किलो टोमॅटो मागणाऱ्याशी तोच माणूस वेगळा वागतो. शिजवायचे की कच्चे खायचे, आज लागणार की उद्या, असे प्रश्न सुरू होतात. तेव्हा पिशवी घेऊन जा, आणि खरोखर काहीतरी विकत घ्यायच्या तयारीने जा.

त्यासाठी राहायची जागा स्वयंपाकघर असलेली घ्या. रोज रांधायचं नसलं तरी चालेल. एक सुरी, एक पातेलं आणि फ्रीज एवढं असलं तरी बाजाराचा अर्थ बदलतो. हॉटेलच्या खोलीत राहणाऱ्याला वांगं बघून काय उपयोग?

कोणता बाजार, किती वाजता

जुन्या पालेर्मोच्या मधोमध क्वात्रो कांती नावाचा चौक आहे. तिथे दोन लांब रस्ते एकमेकांना छेदतात आणि शहराचे चार भाग पडतात. हा चौक डोक्यात ठेवला की बाजार शोधायला नकाशाची फारशी गरज पडत नाही.

रेल्वे स्टेशनच्या बाजूचा, आल्बेर्गेरिया वस्तीतला बाल्लारो हा सगळ्यांत मोठा. कासा प्रोफेसा या जेसुइट चर्चपासून खाली कोर्सो तुकोरीपर्यंत तो पसरला आहे. ओपेरासाठी प्रसिद्ध असलेल्या तेआत्रो मास्सिमोच्या मागच्या अंगाला कापो आहे. पोर्ता कारिनी या जुन्या वेशीतून त्यात शिरावं. तिसरा वुच्चिरिया, व्हिया रोमाच्या पलीकडे, सान दोमेनिको चर्चजवळ.

पर्यटन पुस्तिका या तिघांना एका ओळीत बसवतात. ते बरोबर नाही. वुच्चिरिया दिवसाचा बाजार म्हणून जवळपास संपला आहे. 1943 च्या बॉम्बवर्षावात या भागाची बरीच पडझड झाली, नंतर लोक उपनगरांत गेले, आणि आज तिथे मोजक्या गाड्या उरल्या आहेत. रात्री मात्र तरुणांची झुंबड उडते: बिअर, मोठमोठ्याने गाणी आणि शेगड्यांचा धूर. वुच्चिरियाच्या ओल्या फरशा सुकतील तेव्हा, म्हणजे कधीच नाही, अशी एक म्हण पालेर्मोत होती. फरशा केव्हाच सुकल्या. भरात असलेला हा बाजार बघायचा तर चित्रकार रेनातो गुत्तूसोने 1974 मध्ये रंगवलेलं मोठं तैलचित्र पालाझ्झो स्तेरीत जाऊन बघा. मासे, टांगलेलं मांस, वांगी, अंडी यांच्या ढिगांतून वाट काढणारी माणसं त्यात आहेत.

माझी शिफारस सरळ आहे. रोजची खरेदी बाल्लारोत करा, एक सकाळ कापोला द्या, आणि वुच्चिरियात रात्री गर्दी बघायची हौस असेल तरच जा.

वेळेबद्दल दोन शब्द. खरं गिऱ्हाईक सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान येतं. त्या वेळी ताज्या मालाची निवड असते आणि विक्रेत्याला बोलायला सवडही असते. दुपारी एकनंतर कापो ओसरू लागतो. बाल्लारो जास्त वेळ चालतो, पण जुलै-ऑगस्टच्या उन्हात दुपारी तिथे जाण्यात शहाणपण नाही. रविवारी बाजार भरतो, पण दुपारपर्यंतच धरून चाला. मासे घ्यायचे असतील तर सोमवार टाळा, कारण रविवारी बऱ्याच होड्या समुद्रावर गेलेल्या नसतात.

या बाजारांची पाळंमुळं अरबी आहेत. इ.स. 831 मध्ये अरबांनी पालेर्मो घेतलं आणि 1072 मध्ये ते नॉर्मनांच्या हाती गेलं. मधल्या काळात इथे आलेल्या इब्न हौकल या प्रवाशाने शहरातल्या बाजारांचं वर्णन लिहून ठेवलं आहे. गल्लीवर ताणलेली ताडपत्री, तिच्याखाली भर दिवसा पेटलेले पिवळे दिवे आणि दोन्ही बाजूंनी चढत्या आवाजातल्या हाळ्या हे सगळं युरोपपेक्षा ट्युनिसला जवळचं वाटतं. समुद्रमार्गे ट्युनिस खरंच रोमपेक्षा जवळ आहे.

घ्यायचं कसं

पहिला नियम: फळ-भाजीला हात लावू नका. आपल्याकडे टोमॅटो दाबून आणि भेंडीचं टोक मोडून बघितल्याशिवाय खरेदी होत नाही. तिथे तो विक्रेत्याचा अपमान समजतात. बोटाने दाखवायचं, किती हवं ते सांगायचं, निवडून तो देतो. वाईट माल गळ्यात मारेल अशी भीती वाटत असेल तर त्याला सांगा: ‘पेर ओज्जी’ म्हणजे आज खायचं आहे, ‘पेर दोमानी’ म्हणजे उद्या. हे ऐकल्यावर तो खरोखर त्या हिशोबाने निवडतो. पहिल्या दिवशी चांगला माल मिळाला तर दुसऱ्या दिवशी त्याच गाडीवर जा. रोज नवा विक्रेता शोधण्यात काही अर्थ नाही.

गाडीशी गेल्यावर आधी ‘बुओनजोर्नो’ म्हणायचं. हे न म्हणता थेट भाव विचारणं तिथे उद्धटपणाचं वाटतं. रांग दिसत नसली तरी असते. ‘की ए लूल्तिमो?’ म्हणजे शेवटचं कोण, असं विचारायचं. कुणीतरी हात वर करतं आणि त्याच्यानंतर तुमचा नंबर. झालं म्हणायला ‘बास्ता कोझी, ग्रात्सिए’. हे न म्हटल्यास विक्रेता आणखी काही ना काही सुचवत राहील.

दुसरं, भावाच्या पाट्या वाचायला शिका. फळं-भाज्यांचा भाव किलोचा असतो, पण चीज, ऑलिव्ह, सुकवलेले टोमॅटो, पिस्ते यांचा बऱ्याचदा ‘एत्तो’चा, म्हणजे 100 ग्रॅमचा. पाटीवरचा भाव किलोचा समजून अर्धा किलो मागितलं की बिल ऐकून घाम फुटतो. काही पाट्यांवर अर्ध्या किलोचा भाव मोठा आणि ‘अर्धा किलो’ हे शब्द बारीक असतात. दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम येतो: 1,50 म्हणजे दीड युरो. हाताने लिहिलेल्या इटालियन 1 ला वर लांब शेपूट असतं, त्यामुळे तो आपल्याला 7 वाटतो. खऱ्या 7 च्या पोटातून आडवी रेघ गेलेली असते.

घासाघीस करू नका. खाण्याच्या वस्तूंचा भाव ठरलेला असतो. मात्र बाजार उठायच्या वेळी उरलेला माल भाव पाडून विकला जातो, आणि ओळख झालेला विक्रेता अजमोद्याची जुडी किंवा एखादं लिंबू पिशवीत टाकतो. ते मागायचं नसतं, मिळतं.

पैसे सुटे न्या. कार्ड नाकारणाऱ्या व्यापाऱ्याला 30 जून 2022 पासून इटलीत दंड आहे, तरी दोन युरोच्या भाजीसाठी यंत्र पुढे केलं जाईल अशी अपेक्षा ठेवू नका. पाच आणि दहाच्या नोटा बऱ्या. पन्नासची नोट दिली की समोरच्याचा चेहरा पडतो.

माशांच्या फळीवर थोडं थांबा. युरोपीय नियमांनुसार तिथे माशाचं नाव, तो पकडलेला की पाळलेला आणि कोणत्या समुद्रातला हे लिहिणं बंधनकारक आहे. ‘पेस्कातो’ म्हणजे समुद्रातून धरलेला, ‘आल्लेवातो’ म्हणजे पाळलेला, ‘देकोन्जेलातो’ म्हणजे गोठवून पुन्हा वितळवलेला. ‘एफएओ 37’ असा आकडा दिसला तर माल भूमध्य समुद्राच्या पट्ट्यातला. कोकणातल्या माणसाला इथे करमेल: तारल्यांचे ढीग, माकूल, कोळंबी, आणि टोक छताकडे करून उभी ठेवलेली तलवारमाशाची लांब चोच. साफ करून मागितलं तर बहुतेक जण करून देतात.

ऋतू बघून काय मागायचं

डिसेंबर ते एप्रिल लाल गराची संत्री. एटना ज्वालामुखीच्या आजूबाजूला ती पिकतात. तिथल्या थंड रात्रींमुळे गर रंग धरतो. तारोक्को जातीची खायला गोड, मोरोची जास्त गडद. ती संपत आली की पालेर्मोच्याच हद्दीतल्या चाकुल्ली भागातली उशिरा पिकणारी, पातळ सालीची छोटी संत्री येतात. ती दिसली तर दुसरं काही घेऊ नका. एप्रिल-मे म्हणजे लोकाट. उन्हाळ्यात तुती, पीच आणि टोमॅटो. ऑगस्टपासून निवडुंगाची बोंडं येतात. विक्रेता ती सुरीने सोलून देतो. सालीला हात लावलात तर न दिसणारी कुसं दोन दिवस बोटांत राहतील. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली बोंडं मोठी असतात, कारण पहिला बहर जूनमध्ये मुद्दाम झोडून पाडतात आणि झाड पुन्हा फुलतं.

काही गोष्टी बघून मराठी माणूस चमकतो. हातभर, कधी त्याहून लांब, फिकट हिरवी ‘कुकुत्सा’ म्हणजे आपला दुधीच. त्याच्या वेलाची कोवळी पानं आणि शेंडे ‘तेनेरूमी’ नावाने जुड्या बांधून विकतात. उन्हाळ्यात ती टोमॅटो-लसणाबरोबर उकळून त्यात स्पॅगेटीचे तुकडे टाकायचे. हे सूप करायला पाककृती लागत नाही, भाजीवाल्या बाई दोन वाक्यांत सांगतात. ‘चेद्रो’ म्हणजे महाळुंग. त्याच्या जाड पांढऱ्या गराच्या चकत्या मीठ लावून रस्त्यावरच खातात. आणि बऱ्याच भाजीवाल्यांकडे उकडलेले बटाटे, भट्टीत भाजलेले अख्खे कांदे आणि उकडलेली आर्टिचोक तयार मिळतात. दिवसभर भटकून थकलेल्याला यापेक्षा स्वस्त आणि चांगलं रात्रीचं जेवण नाही. वर ऑलिव्ह तेल, मीठ आणि लिंबू.

शाकाहारी माणसाने इथे काय खावं

इटलीत शाकाहारींची सोय होते, पिझ्झा-पास्ता असतोच, असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. पालेर्मोच्या रस्त्यावर हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं नीट समजून घ्यायला हवं.

आधी चांगली बातमी. या शहराचा सर्वांत लाडका रस्त्यावरचा पदार्थ बेसनाचा आहे. बेसन पाण्यात मीठ घालून घट्ट होईपर्यंत शिजवायचं, अजमोदा घालायचा, थापून गार करायचं, कापून तळायचं. इथपर्यंत वाचून ज्याला पाटवडी आठवली नाही तो मराठी नव्हे. यांना ‘पानेल्ले’ म्हणतात. तीळ लावलेल्या पावात चार-पाच गरम पानेल्ले घालून, मीठ आणि लिंबू पिळून मिळतात. जोडीला बटाट्याचे लांबट ‘क्रोक्के’ मागा, नाहीतर तळलेल्या वांग्याचे काप. कांदा-लसूण नसलेला हा पाव जैन प्रवाशालाही, क्रोक्के आणि वांगं वगळून, बहुधा चालेल. तळण आधीच काढून ठेवलेलं असेल तर पुढच्या गाडीवर जा. पानेल्ले गार झाले की चामड्यासारखे होतात.

आता सावधगिरी. ‘सेन्झा कार्ने’ म्हणजे मांसाशिवाय, एवढं सांगून तिथे भागत नाही. बऱ्याच विक्रेत्यांच्या डोक्यात मासे मांसात मोडत नाहीत, आणि हॅमचे बारीक तुकडेही कधीकधी मोडत नाहीत. म्हणून तिन्ही नावं घ्या: सेन्झा कार्ने, सेन्झा प्रोशूत्तो, सेन्झा पेशे.

स्फिंचोने हा जाड, मऊ पावावर टोमॅटो, कांदा, चीज आणि पावाचा चुरा घालून भाजलेला पदार्थ बघायला पूर्ण शाकाहारी वाटतो. त्यात अँकोव्ही विरघळवलेल्या असतात, म्हणजे मांदेलीच्या कुळातले छोटे खारवलेले मासे. पाने कुन्सातो या तेल-टोमॅटो-चीज घातलेल्या पावातही त्या असतात, पण तो समोर बनवत असल्यामुळे ‘सेन्झा अच्चूगे’ म्हटलं की वगळतात. भाताचा तळलेला मोठा गोळा म्हणजे अरांचिना. पालेर्मोत तिचं नाव स्त्रीलिंगी, बेटाच्या पूर्वेला कातानियात तेच पुल्लिंगी, आणि त्यावरून दोन्ही शहरं गंभीरपणे भांडतात. आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे: ‘आल बुर्रो’, म्हणजे लोण्याची, असं निष्पाप नाव असलेल्या अरांचिनेत हॅम असतं. पालक घातलेली मिळते का ते विचारा, आणि त्यातही हॅम नाही ना याची खात्री करून घ्या.

सर्वांत लपलेला घटक म्हणजे ‘स्त्रुत्तो’, डुकराची चरबी. पालेर्मोच्या बेकऱ्यांत मिळणाऱ्या गोडसर मऊ पिठाच्या तिखटामिठाच्या पदार्थांत ती परंपरेने मळलेली असते, आणि रिकोटा भरलेल्या प्रसिद्ध कान्नोलोच्या कुरकुरीत नळीतही. आजकाल काही ठिकाणी लोणी किंवा वनस्पती तेल वापरतात, ‘चे स्त्रुत्तो?’ एवढाच प्रश्न पुरे. गोड खायचं तर बदामाच्या पिठाची ‘फ्रुत्ता मार्तोराना’ निर्धास्त घ्या. हुबेहूब अंजीर, संत्रं, निवडुंगाचं बोंड अशा आकाराची ही रंगीत मिठाई 2 नोव्हेंबरच्या, मृतांच्या स्मरणदिनाच्या सुमाराला दुकानं भरून टाकते. जेवणासाठी वांगं, सेलरी, ऑलिव्ह आणि केपर यांची आंबटगोड कापोनाता आहेच. ती तयार मिळते, थंडच खातात, आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते. चीजच्या बाबतीत काटेकोर असणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की काचोकावाल्लो, पेकोरिनो यांसारखी पारंपरिक चीज प्राण्यांच्या जठरातून काढलेल्या रेनेटने बनतात.

सगळं खाणाऱ्यांसाठी यादी लांब आहे, पण थोडक्यात आटपतो. ‘पानी का मेउसा’ म्हणजे वासराची प्लीहा आणि फुफ्फुस उकडून, चरबीत परतून भरलेला पाव. तो ‘अविवाहित’ मागितला तर फक्त लिंबू, ‘विवाहित’ मागितला तर वर रिकोटा आणि काचोकावाल्लो. सान फ्रान्चेस्को चर्चसमोरची 1834 पासूनची फोकाचेरिया त्यासाठी प्रसिद्ध आहे. स्तिग्योला म्हणजे कांद्याच्या पातीभोवती गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेली कोकराची आतडी. फडक्याने झाकलेल्या टोपलीत हात घालून माणूस काहीतरी काढून देत असेल तर ती फ्रित्तोला, पुन्हा वासराचीच. बीफ न खाणाऱ्यांनी या सगळ्यांतून स्तिग्योला आणि लिंबू पिळलेला उकडलेला ऑक्टोपस एवढंच निवडावं, आणि स्तिग्योलाही कोकराचीच आहे का हे विचारून घ्यावं.

बाल्लारोत हल्ली टेबलं मांडून, बर्फावर मासे सजवून बोलावणारे बरेच झाले आहेत. तिथे बसण्याआधी भाव एत्तोचा आहे का आणि बसण्याचे वेगळे पैसे आहेत का हे विचारा. मासा तव्यावर गेल्यानंतर हा प्रश्न विचारण्यात अर्थ नसतो.

चाकांवरचे विक्रेते

बाजाराबाहेरही पालेर्मोत विक्री फिरत असते. स्फिंचोने विकणारे तीनचाकी गाडीवर येतात आणि ध्वनिक्षेपकावर वर्षानुवर्षं एकच ध्वनिमुद्रित हाळी वाजते. तीत विक्रेता आपल्याच मालाला तेल कमी आणि धूळ भरपूर म्हणून हिणवतो, आणि लोक विकत घेतात. ती गाडी नीट बघा: पियाज्जोची आपे. 1948 पासून 2024 पर्यंत इटलीत बनलेली ही तीनचाकी आपल्या बारामतीच्या कारखान्यातूनही गावोगाव गेली आहे.

बाल्लारोच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत बांगलादेशी दुकानं बरीच आहेत. श्रीलंकेतल्या तमिळ लोकांचीही पालेर्मोत मोठी वस्ती आहे. भेंडी, कोथिंबीर, हिरवी मिरची, डाळ-तांदूळ हवं असेल तर तिथे मिळतं, आणि हिंदीत बोलून काम होऊ शकतं. शहरातले पत्ते विचारायलाही हीच जागा उत्तम.

या दुकानांच्या बाबतीत एक गोष्ट ठाऊक असावी. पालेर्मोत व्यापाऱ्यांकडून माफियाने ‘पित्सो’ नावाची खंडणी घेण्याची प्रथा खोल रुजलेली होती. कापडउद्योजक लिबेरो ग्रास्सी यांनी ती द्यायला जाहीर नकार दिला आणि 29 ऑगस्ट 1991 रोजी त्यांचा खून झाला. 2004 मध्ये काही तरुणांनी ‘अद्दिओपित्सो’ ही चळवळ सुरू केली. खंडणी न देणारे दुकानदार तिच्या यादीत नाव नोंदवतात आणि दारावर तिचं चिन्ह लावतात. 2016 मध्ये बाल्लारो आणि व्हिया माक्वेदा या रस्त्याच्या भागातल्या बांगलादेशी दुकानदारांनी एकत्र येऊन खंडणीखोरांविरुद्ध तक्रारी केल्या आणि त्यातून अटका झाल्या. पर्यटकाला या सगळ्याचा उपद्रव होत नाही. पण दोन दुकानांत एकच वस्तू मिळत असेल, तर ते चिन्ह असलेल्या दारातून आत जायला तुमचं काही जास्त खर्च होत नाही. माफियाचा टी-शर्ट, बंदूकधारी डॉनची फ्रिज-चुंबकं यांच्या वाटेला जाऊ नका. ग्रास्सींच्या शहरात ती विनोदी वाटत नाहीत.

पदपथावर चादर पसरून नामांकित कंपन्यांच्या पर्सेस आणि चष्मे विकणारेही भेटतील. माल नकली असतो, आणि इटलीत नकली माल विकत घेणाऱ्यालाही दंड होतो, कमाल सात हजार युरो. जुन्या वस्तूंची आवड असेल तर कॅथेड्रलच्या मागे पियात्सा पेरान्नीचा जुना बाजार गाठा: आरसे, पितळी दिवे, खुर्च्या, चिनीमाती. इथे मात्र घासाघीस चालते, किंबहुना अपेक्षितच असते. जुन्या वाड्यांच्या वाटणाऱ्या रंगीत फरशा भुरळ घालतात, पण त्या कुठून उखडून आल्या हे कळायला मार्ग नसतो; तशाच नव्या फरशा कारागिरांकडे मिळतात. कॉफीची मोका, सुऱ्या, पातेली हवी असतील तर व्हिया कालदेराई या भांड्यांच्या गल्लीतून एक चक्कर मारा.

पाकीटमारी भीती बाळगण्याइतकी मोठी नाही. पिशवी पुढे घ्या, फोन मागच्या खिशात ठेवू नका. खरा धोका स्कूटरचा. बाजाराच्या अरुंद गल्लीतूनही त्या सुसाट जातात, आणि फोटोसाठी दोन पावलं मागे सरकणारा माणूस थेट त्यांच्या पुढ्यात येतो. फोटो काढायचा तर आधी काहीतरी विकत घ्या, मग विचारा. नकार क्वचितच मिळतो. उलट माणूस टोपी सरळ करून उभा राहतो.

परत आणायचं काय

वजनाला हलकं आणि टिकाऊ तेवढंच घ्या. वाळवलेल्या ओरेगॅनोच्या जुड्या स्वस्त असतात आणि बॅगेतल्या कपड्यांना आठवडाभर वास येतो. केपर मिठातले घ्या, व्हिनेगरमधले नको. पान्तेल्लेरिया बेटाचे सर्वांत नावाजलेले. वापरण्याआधी पाण्यात दोनदा धुवायचे. त्रापानीचं जाडं समुद्रमीठ घेण्यासारखं आहे. पिस्त्यांच्या बाबतीत ‘ब्रोन्ते’ हे नाव सगळीकडे लिहिलेलं दिसेल. खरा ब्रोन्तेचा पिस्ता दोन वर्षांतून एकदा उतरतो आणि महाग असतो. गर झगझगीत हिरवा, वरची पापुद्र्यासारखी साल जांभळट. फिकट पिवळा आणि स्वस्त असेल तर तो दुसऱ्या देशातून आलेला. उन्हात आटवलेला टोमॅटोचा गडद गोळा, ‘स्त्रात्तू’, एक चमचा आमटीत टाकून बघाच; पण तो, पिस्त्याचा लगदा आणि कापोनाता विमानतळावर द्रव पदार्थांत धरतात, म्हणून चेक-इनच्या बॅगेत ठेवा. पाव्हण्या-रावळ्यांसाठी चीज आणायचं तर कडक, पिकवलेलं निवडा आणि ‘सोत्तोवुओतो’ सांगा, हवा काढून बांधून देतात.

ताजी फळं, रोपं आणि बियाणं यांना भारतात आणताना वनस्पती संगरोधाचे निर्बंध लागू होतात, म्हणून चाकुल्लीची संत्री आणि महाळुंग तिथेच खा. मेंढीच्या दुधाची रिकोटाही तिथेच. डिसेंबर ते मे ती सर्वांत चांगली असते, सकाळी जाळीच्या टोपलीत कोमट मिळते. विमानाच्या आदल्या दिवशी घेतलीत तर निघण्यापूर्वी संपवा.